आपकी तारीफ?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भिवंडीहून उर्दूचे एक वयस्क शायर आमच्या सोपाऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून आले होते. संध्याकाळी शेजारच्या वाडीतले काका नेहमीप्रमाणे चहाला आले. हातात वेलची केळ्यांची फणी होती. शायरसाहेब अदबीने उठले, हात छातीशी नेला आणि म्हणाले, ''आपकी तारीफ?'' काका गोंधळले. जन्मभर पानमळा आणि केळी केलेला माणूस. माझ्याकडे वळून म्हणाले, ''आता स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडाने काय करायची? तूच काय ते सांग बाबा!''

आम्ही दोघे हसलो. मग काकांना सांगितलं की ते तुमचं नाव-गाव विचारताहेत, तुमची ओळख विचारताहेत. काका म्हणाले, ''मग सरळ नाव विचारायचं की. तारीफ कशाला मागायची?''

काकांचा प्रश्न बिनतोड होता. 'स्तुती आणि शिफारस' या विषयावर आकाशवाणीवर बोलाल का, असं मला विचारण्यात आलं तेव्हा पहिल्यांदा आठवले ते काका. 'तारीफ' हा मुळात अरबी शब्द. त्याचा धात्वर्थ ओळखणं, जाणणं असा आहे. तारीफ म्हणजे ओळख करून देणं, एखादी गोष्ट नेमकी काय आहे ते सांगणं. अरबीत व्याख्येलासुद्धा तारीफच म्हणतात. याच धातूचे आणखी दोन शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि ते एका घरचे आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. एक 'मारफत', म्हणजे ओळखीतून, कुणाच्या तरी हस्ते. दुसरा 'उर्फ', ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते. तारीफ, मारफत आणि उर्फ ही सख्खी भावंडं. तेव्हा ज्याची ओळखच नाही त्याची तारीफ करणं शब्दाच्या मूळ अर्थानेच अशक्य आहे. आपण मात्र ती सर्रास करतो. मीही केली आहे. त्याबद्दल शेवटी सांगणार आहे.

'शिफारस'ची कुळकथाही अशीच आहे. हा फारसी शब्द. सोपवणं, हवाली करणं या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. त्याच घरचा 'सुपूर्द' आपल्याकडे कोर्ट-कचेरीत आणि पोलीस पंचनाम्यात नांदतो. मुद्देमाल सुपूर्द केला, असं आपण म्हणतो. म्हणजे मी कुणाची शिफारस करतो तेव्हा तो माणूस मी तुमच्या सुपूर्द करत असतो, आणि त्याच्याबरोबर माझं नावही. तो खोटा निघाला तर माझं नाव तुमच्याकडे अडकून पडलंच. 'वशिला' हा अरबी शब्द तर मुळात फार पवित्र. ज्याच्या आधारे ईश्वराजवळ पोचता येतं ते साधन म्हणजे वसीला. आपण त्याला सरकारी कचेरीत आणून बसवलं आणि त्याचं तट्टू केलं. 'खुशामत'चीही तीच गत. खुश आमद म्हणजे सुखाने आलात, या, स्वागत असो. दारातल्या स्वागताचं लांगूलचालन कधी झालं कुणास ठाऊक! या शब्दांची मुळं शोधण्याचा नाद ज्यांना असेल त्यांनी माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे आपल्या माधव जूलियनांचा, 1925 साली निघालेला फार्शी-मराठी कोश जरूर चाळावा. तो हातात घेतला की माझा निम्मा दिवस जातो.

तारीफ म्हणजे ओळख, हे मला सगळ्यात जास्त पटतं ते बहिणाबाईंच्या बाबतीत. बहिणाबाई चौधरी जळगावच्या शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचायच्या आणि घरातली मुलं जमेल तशी त्या टिपून ठेवायची. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईच्या ओव्या लोकांपुढे न्याव्यात की नाही, याचा त्यांना संकोच होता. अखेर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ती वाचून थरारून गेले. हे तर बावनकशी सोनं आहे, हे लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

आता अत्रे म्हणजे अतिशयोक्तीचा बादशहा. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही, हे त्यांचं आवडतं माप. त्यावरून त्यांची चेष्टाही खूप झाली. याच माणसाने 'झेंडूची फुले' लिहून भल्याभल्या कवींची टोपी उडवली होती. म्हणजे स्तुती आणि टवाळी, दोन्हींचं भांडार त्यांच्याकडे भरलेलं. पण बहिणाबाईंच्या बाबतीत त्यांची दहा हजार वर्षांची फूटपट्टी खोटी ठरली नाही. मला याचं कारण फार साधं वाटतं. त्यांनी वही वाचली होती. आपल्याला काय आवडलं, कुठे आवडलं, हे ते ओळीवर बोट ठेवून सांगू शकत होते. महाराष्ट्राला त्यांनी एका अनोळखी बाईची ओळख करून दिली. एक खंत मात्र राहते. ज्या बाईची ही तारीफ, तिच्या कानावर तिचा एक शब्दही पडला नाही.

आम्ही कवी मंडळी स्तुतीला वेगळं नाव देतो. आमच्याकडे ती 'दाद' असते. मुशायऱ्यात नवखा श्रोता गेला की त्याला वाटतं, इथे कवितेपेक्षा दादच जास्त आहे. 'वाहवा' चालते, 'मुकर्रर' चालतं. मुकर्रर म्हणजे पुन्हा एकदा म्हणा. (आपण तारीख 'मुक्रर' करतो तो शब्द वेगळा, त्याच्यातला क घशातून येतो.) या मुकर्ररचा सख्खा भाऊ कोण असेल? 'तक्रार'! अरबीत तक्रार म्हणजे पुनरुक्ती. तेच तेच पुन्हा म्हणणं. मराठीत येता येता एकाचं कौतुक झालं आणि दुसऱ्याचं गाऱ्हाणं. आमच्या घरात माझी पत्नी जे दिवसभर करते त्याला ती तक्रार म्हणत नाही, मुकर्रर म्हणते. असो.

दाद या फारसी शब्दाचा मूळ अर्थ न्याय. म्हणून आपण न्यायालयात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. शब्द तोच. शेराला दाद द्यायची म्हणजे त्याच्या वाट्याचं त्याला द्यायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. जाणकार श्रोता प्रत्येक ओळीला मान डोलवत नाही. तो गप्प बसतो, वाट पाहतो, आणि जिथे शब्द नेमका बसला तिथेच त्याच्या तोंडून हलकेच 'क्या बात है' निघतं. त्याची दाद मिळाली की रात्रभर झोप लागत नाही. सगळ्याच ओळींना टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहातून मी रिकाम्या हाताने परतल्याची आठवण आहे.

पण कधीकधी दाद न्याय द्यायच्या ऐवजी अन्याय करून जाते. एका कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, ''हे मुस्लिम असूनही इतकं शुद्ध मराठी लिहितात, की लाजवाब!'' टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. बोलणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. उलट फार प्रेमाने बोलले ते. पण 'असूनही' या शब्दापाशी मी अडकलो. मराठी ही माझी आईची भाषा. अम्मा मला ओरडायची ती मराठीत आणि झोपवायची तीही मराठीत. मासे घेताना कोळणीशी तिची हुज्जत चालायची ती ऐकत मी शब्द शिकलो. माझ्या आधी या वाटेने किती जण गेले! श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहून गेले. पेशवाईतले सगनभाऊ लावण्या आणि पोवाडे रचून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा डफ घुमला. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. यांच्यापैकी कुणापुढे 'असूनही' लावाल? आणि गंमत अशी, की माझ्या शुद्ध मराठीची तारीफ करताना सूत्रसंचालकांना शब्द सुचला तो 'लाजवाब'!

त्यानंतर बरेच दिवस मी त्या शब्दाचा विचार करत होतो. सूत्रसंचालकांनी माझी एकही ओळ म्हणून दाखवली नव्हती. माझ्या नावाची आणि माझ्या भाषेची सांगड त्यांच्या मनात बसत नव्हती, त्याचं त्यांना नवल वाटलं होतं. कौतुक या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच कुतूहल, नवल असा आहे. तेव्हा ते कौतुक होतं हे खरं, पण तारीफ नव्हती. ओळख झालीच नव्हती.

आता शिफारशीकडे येतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात एक शिफारसपत्र पडलेलं आहे, ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यातला 'वर्तणूक' हा रकाना आठवा. काय लिहिलं होतं? 'चांगली'. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून छतावर शाईचे गोळे मारणारा एक मुलगा होता. त्याच्याही दाखल्यावर 'चांगली'. माझ्याही 'चांगली'. त्या एका शब्दाने आजवर कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. सगळ्यांना सारखीच मिळते ती शिफारस आणि रेशनवरचा तांदूळ, दोन्हींची चव सारखीच. पुढे नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला लागायचा. 'मी यांना गेली अमुक वर्षे ओळखतो' हे वाक्य आधीच छापलेलं असायचं आणि वर्षांची जागा तेवढी कोरी. ज्या साहेबांनी माझ्या कागदावर 'पाच' हा आकडा घातला, त्यांनी मला त्या दिवशी पाच मिनिटंसुद्धा पाहिलं नव्हतं.

याउलट पूर्वी बँकेत खातं उघडायला जुना खातेदार लागायचा. तो 'ओळख' म्हणून सही करायचा. आता आधार आणि पॅन ते काम करतात. त्याहून वरची पायरी जामीनदाराची. 1904च्या कायद्याने आपल्या देशात सहकारी पतसंस्थांची सुरुवात झाली, त्यामागची कल्पना मला फार आवडते. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही, त्याला त्याच्या ओळखीवर कर्ज मिळावं. एका गावातली माणसं एकमेकांना ओळखतात, कोण फेडेल आणि कोण बुडवेल हे त्यांना ठाऊक असतं. वसईत सहकारी बँका आणि पतपेढ्या एवढ्या रुजल्या त्यालाही मला हेच कारण दिसतं. जामीन राहणं म्हणजे स्वतःच्या खिशाला हात घालून केलेली स्तुती. ती करताना माणूस विशेषणं फार वापरत नाही!

एखाद्याची शिफारस करायला त्याला किती ओळखायला हवं? दुसरे खलिफा हजरत उमर यांची एक गोष्ट सांगतात. त्यांच्यापुढे एक जण दुसऱ्या कुणाची तोंड भरून स्तुती करू लागला. उमरनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस का? नाही. त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस? नाही. मग पैशाचा व्यवहार? तोही नाही. तेव्हा उमर म्हणाले, मग तू त्याला मशिदीत मान हलवत कुराण वाचताना पाहिलं असशील. तो म्हणाला, हो, पाहिलं आहे. उमर म्हणाले, जा, तू त्याला ओळखत नाहीस.

वसई-विरारच्या माणसाला हे तीन प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. प्रवासाचा तर नाहीच. तीस-तीस वर्षं सकाळची तीच लोकल, तोच डबा आणि तीच माणसं. चौथ्या सीटसाठी कोण सरकून घेतो आणि कोण झोपेचं सोंग घेतो, बोरिवलीला कोण उठून दुसऱ्याला बसायला देतो, हे सगळं दिसतं. विरार लोकलमधल्या सहप्रवाशाने दिलेला चारित्र्याचा दाखला मी डोळे मिटून घेईन.

शिफारस कशी असावी याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण केळुसकर गुरुजींचं. कृष्णराव अर्जुन केळुसकर शिक्षक आणि लेखक. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी जाऊन बसत. तिथे एक शाळकरी मुलगा रोज पुस्तकात डोकं खुपसून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला पैसे पुरेनात तेव्हा गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी स्वतः चार प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झालं आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या पंचवीस रुपयांतून पुढे काय उभं राहिलं ते मी सांगायला नको. यात मला महत्त्वाची वाटते ती चर्नी रोडची बाग. गुरुजींनी त्या मुलाला वाचताना रोज पाहिलं होतं. आणि दार उघडून दिल्यावर ते बाजूला झाले, उत्तरं मुलाने द्यायची होती. वशिला आणि शिफारस यांतला फरक कुणी विचारला की मी ही गोष्ट सांगतो. वशिल्यात प्रश्न विचारतच नाहीत.

आता माझ्या घरची गोष्ट. मुलाचं लग्न झालं. सोपाऱ्याचं घर लहान, म्हणून त्याच्यासाठी इथल्याच एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट पाहिला. मालक तयार होता. एजंटने नाव ऐकलं आणि म्हणाला, ''सोसायटीला विचारावं लागेल.'' याचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. दोन ठिकाणी असं झालं होतं, हे तिसरं. माझा एक जुना मित्र त्याच सोसायटीत राहतो. बावीस वर्षं एकाच डब्यातून आम्ही चर्चगेटला गेलो. त्याआधी काही वर्षं आम्ही शेजारी होतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी माझे पैसे त्याच्याकडे होते आणि माझ्या अब्बांच्या आजारपणात त्याचे माझ्याकडे. उमरच्या तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणू शकेल असा माझ्या आयुष्यातला तो एकच माणूस. तो म्हणाला, ''तू काळजी करू नकोस, मी बोलतो.''

तो बोलला. फ्लॅट मिळाला. पुढे काही महिन्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींशी ओळख झाली, तेव्हा त्यांनी हसत हसत सांगितलं, ''तुमच्या मित्राने फारच स्तुती केली तुमची. म्हणाले, हे त्यांच्यातले वाटतच नाहीत.''

मी हसलो आणि घरी आलो. मित्राला विचारायला मला आठवडा लागला. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहत होतो तेव्हा म्हटलं, ''अरे, तू मला एवढा ओळखतोस. शेजार सांगायचास, प्रवास सांगायचास, पैशाचं सांगायचंस. हेच का सांगितलंस?'' तो खाली बघत म्हणाला, ''ते सगळंही सांगितलं मी. ऐकून घेतलं त्यांनी. पण हे म्हटल्यावरच मान हलवली. तूच सांग, हे बोललो नसतो तर फ्लॅट मिळाला असता?''

मला उत्तर देता आलं नाही. गाडी आली. आम्ही चढलो. त्याने खिडकी मला दिली.

त्याच्यावर माझा राग नाही. आजही आम्ही रोज फोनवर बोलतो. पण या शिफारशीचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही. माझ्या मुलाला छप्पर मिळालं ते मी 'त्यांच्यातला' नाही या बोलीवर. म्हणजे माझ्या अम्माला, अब्बांना, मोहल्ल्यातल्या सगळ्यांना एका बाजूला ठेवून मला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं गेलं. एकाची स्तुती करायची तर बाकीच्यांची निंदा गृहीत धरावी लागते, अशी ती स्तुती.

याबद्दल आमच्या सोपाऱ्याशी नातं असलेल्या एका राजाने फार पूर्वी काही सांगून ठेवलं आहे. आजचं नालासोपारा म्हटलं की लोकांना गर्दी आणि चाळी आठवतात. पण हे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे स्तूप उकरला आणि त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा इथे मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे 1956 मध्ये नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. मी ज्याबद्दल बोलतो आहे तो मात्र बारावा लेख. तो इथे सापडलेला नाही, पण गिरनारच्या खडकावर वाचता येतो. त्यात अशोक सांगतो की दानधर्मापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जिभेवर ताबा. कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, आणि करायचा प्रसंग आलाच तर हात राखून करावी. आणि आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो असं करतो तो स्वतःच्याच पंथाचं अधिक नुकसान करतो. स्तुती आणि निंदा या दोघींना त्याने एकाच वाक्यात बसवलं याचं मला नवल वाटायचं. प्लॅटफॉर्मवरच्या त्या सकाळनंतर वाटत नाही.

तोंडावरच्या स्तुतीबद्दल आमच्याकडे धर्मातही बरंच सांगितलं आहे. खरी स्तुती एका अल्लाहची, हे तर रोजच्या नमाजमध्ये येतं. हदीसमध्ये अशी हकीकत आहे की कुणी एकाने दुसऱ्याची त्याच्या तोंडावर फार स्तुती केली, तेव्हा पैगंबर म्हणाले की तू आपल्या मित्राची मान कापलीस. स्तुती करायचीच असेल तर 'मला तो असा वाटतो, खरं काय ते अल्लाह जाणतो' एवढंच म्हणावं. अम्मा हे सगळं एका शब्दात उरकायची. बाळ गोंडस आहे असं कुणी म्हटलं की ती लगेच 'माशाअल्ला' म्हणायची. शेजारच्या काकू त्याच वेळी मीठ-मोहऱ्या शोधायला आत जायच्या. स्तुतीची भीती दोन्ही घरांत सारखीच होती.

आता ज्याबद्दल शेवटी सांगतो म्हटलं होतं ते. चार-पाच वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याचा एक तरुण माझ्याकडे कवितांची वही घेऊन आला. वसई पूर्वेला एका गाळ्यात प्लास्टिकचे साचे चालवायचा. वही जाड होती, अक्षर बारीक. मी त्या दिवसांत गडबडीत होतो. पहिली चार पानं वाचली, मधली दोन चाळली. सुमार वाटल्या. पण तो पुन्हा आला, मिठाई घेऊन आला, त्याची आई फोनवर बोलली, आणि मी दोन पानांची प्रस्तावना लिहून दिली. त्यात 'जीवनानुभवाची धग' होती, 'अस्सल मातीचा गंध' होता, 'उद्याचा आश्वासक कवी' होता. असे शब्द आमच्याकडे तयारच असतात, नाव तेवढं बदलायचं. प्रकाशन समारंभातही मी तेच बोललो. मुलाने स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी पाचशे प्रती छापल्या होत्या.

दोन वर्षांनी तो मला स्टेशनच्या पुलावर भेटला. पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली आहेत, पावसात थोडे भिजले, असं म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. मग सहज म्हणाला, ''सर, एक विचारू? त्यातली तुम्हाला कुठली कविता आवडली होती?''

पुलावर माणसांचा लोंढा होता. मी घाईत असल्याचं दाखवलं. ''अरे, सगळ्याच!'' असं म्हणून जिना उतरलो. तो वरून पाहत उभा राहिला होता, एवढं मला दिसलं.

त्या रात्री ते पुस्तक शोधून काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. बऱ्याचशा कविता मला पहिल्यांदा वाटल्या तशाच होत्या. पण शेवटून दुसरी कविता वाचून मी उठून बसलो. रात्रपाळीत साचा उघडतो तेव्हा आतून निघणारी गरम वाटी आणि आईने दिलेल्या डब्यातली थंड भाजी, एवढाच विषय. एकही शब्द उसना नव्हता. सकाळ होण्याची वाट पाहिली आणि त्याला फोन लावला. म्हटलं, ''तू काल विचारलंस ना, ती शेवटून दुसरी. ती फार चांगली आहे.'' आणि का चांगली आहे ते ओळीओळीने सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''सर, ती वहीत नव्हती. तुमची प्रस्तावना आल्यानंतरची आहे. छापखान्यात फॉर्म पुरा व्हायला दोन पानं कमी पडत होती, म्हणून शेवटच्या आठवड्यात लिहून दिली.''

मी काय बोलणार? तोच म्हणाला, ''म्हणजे आता वाचलंत ना तुम्ही, सर? सगळं?''

''हो,'' म्हटलं.

''मग नवीन वही आणू का?''

पुढच्या रविवारी तो वही देऊन गेला. दीडशे पानं आहेत. मी सध्या त्रेसष्टाव्या पानावर आहे.